भित्र्या ज्वारीचं गाव

बोरखेडच्या शिवारात काकडी चिरल्यासारखा वास सुटला, की गाव नाकाला पदर आणि उपरणी लावून बांधावर धावायचं. वासानं माणसाचं काही बिघडत नव्हतं. पण शहाणपण शिकवायचं कुणी?

२०७१ साल. फेब्रुवारीतच पारा बेचाळीसवर. अशा उन्हात ज्वारीचं तहानलेलं ताट पानांवरची बारीक छिद्रं मिटून पाणी वाचवतं. पण छिद्रं मिटली की अन्न बनत नाही आणि कणसात दाणा भरत नाही. विद्यापीठाच्या डॉ. अन्वय देवस्थळींनी यावर 'सावधान' नावाचं वाण काढलं. त्यातलं तहानलेलं ताट वास सोडून शेजारच्या ताटांना आधीच कळवायचं. या वासाला डॉक्टर 'इशारागंध' म्हणत. उन्हाची लाट यायच्या आत सगळं शिवार छिद्रं मिटून बसायचं आणि पीक तगायचं. एका कोरड्या रानाच्या भीतीनं भिजलेली रानंही उपाशी राहतील, एवढं मात्र साहेबांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. बक्षिसं तेवढी घेऊन झाली होती.

यंदा वास सोडणारं कोरडं रान मोनाली आक्काचं होतं. सत्तरीची एकटी बाई, कालव्याच्या शेपटाला तीन एकर. पाणी तिथवर पोचायचंच नाही.

सरपंच शिवतेज पंचवीस बाप्ये आणि डॉक्टरांना घेऊन तिच्या बांधावर आला.

"आक्का, तुझं रान उपटावं लागतंय."

"मग खाऊ काय? तुझं सरपंचपद?"

"घरटी पायलीभर ज्वारी मिळंल तुला. ठराव केलाय."

आक्का डॉक्टरांकडं वळली. "साहेब, ही ज्वारी एवढी भितीय कशाला?"

"भीत नाही हो. ती फक्त माहिती देते."

"माहिती देती? मग माझ्या रानाला पाणी पायजे, ही माहिती एवढ्या बाप्यांत एकालाबी कशी कळली नाय?"

डॉक्टर चष्मा पुसू लागले.

शेजारच्या रानाचा नागनाथ तेवढा पुढं झाला. "माझी पाण्याची एक पाळी देतो मी आक्काला." त्यानं आपल्या वाट्याचं पाणी दिलंही. तीन एकरांत ते कुठल्या कुठं जिरलं. पाचव्या दिवशी गावानं आक्काचं रान मुळासकट उपटलं.

"थू तुमच्या जिनगानीवर," आक्का बांधावरून म्हणाली. "कणसाला भ्यायलेले बाप्ये."

शिवारानं छिद्रं उघडली. आठवडाभर दाणा भरला. नवव्या दिवशी पुन्हा तोच वास आला.

वास हुंगणारं डॉक्टरांचं यंत्र या खेपेला नागनाथच्या रानापाशी थांबलं. पाळी देऊन बसल्यामुळं आता तेच सगळ्यांत कोरडं होतं. "कुणाचं तरी रान सगळ्यांत कोरडं असणारच की," डॉक्टर म्हणाले. हे त्यांना आत्ता उमगलं.

गाव निघालं. नागनाथ धावत आक्काच्या दारात आला. "आक्का, तू तरी बोल माझ्या बाजूनं. तुझं ऐकत्याल."

शिवार मिटलं तर ठरावातल्या पायल्याही गेल्या, हे आक्काला डॉक्टरांनी समजावायची गरज नव्हती.

ती उठली. ताटं उपटताना हात सोलू नयेत म्हणून तिनं तळहातांना चिंध्या बांधल्या, नागनाथच्या अंगावरून पुढं गेली आणि घोळक्यात शिरली.

"सरका," ती म्हणाली. "तुम्हा बाप्यांना मुळासकट कुठं उपटता येतंय."