मास्तरांचा खडू

हे पेजवर टाकू की नको, यातच तीन महिने गेले. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. भुताखेतांच्या गोष्टींवर दात काढणारा माणूस आहे मी. पण हे माझ्या घरात घडलंय. सिंगापुरात, यिशुनला, चौदाव्या मजल्यावर, रविवारी दुपारी चार वाजता.

लख्ख उजेडात.

आधी बायकोचं काम सांगतो, नाहीतर काही कळणार नाही.

निशिगंधा इथल्या एका युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करते. एका देशात यादवी चालू आहे, नाव लिहीत नाही. तिथून तिला झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांचे फोटो येतात. पुंगळीच्या बुडावर आकडे ठोकलेले असतात. त्यावरून ती शोधते, माल कुठल्या कारखान्यातला, कुठल्या सालचा, आणि आम्ही काही विकलंच नाही म्हणणाऱ्यांपैकी खोटं कोण बोलतंय. मी तिला चिडवायचो, पितळेच्या भांड्यांवरची नावं वाचतेस झालं.

फोटो पाठवणारे एक शाळामास्तर होते. शाळा बॉम्बने पडलेली. मापासाठी बाकीचे लोक फोटोत पट्टी ठेवतात, हे पुंगळीशेजारी खडू ठेवायचे.

नियम एकच. निशिगंधा 'क्लिअर' असं लिहीत नाही, तोवर मास्तर परत जाऊन परत फोटो काढणार.

त्या रविवारी आम्ही मरीन परेडला निघालो होतो. माझा मित्र अमेय, त्याच्या मुलीचा वाढदिवस. दारात चपला घालताना फोटो आला. आकडे स्वच्छ दिसत होते. ती उत्तर लिहायला लागली आणि मी खेकसलो, "नंतर लिही गं. एक दिवस तरी आमचा असू दे."

तिने फोन पिशवीत टाकला.

रात्री घरी येऊन बघते तर मास्तरांचे तीन मेसेज. तिन्हीत एकच शब्द. क्लिअर?

तिने लगेच उत्तर टाकलं. एक टिक आली. दुसरी आलीच नाही.

मंगळवारी कळलं. मास्तर रविवारी चारच्या सुमाराला फोटो काढायला परत त्या पुंगळ्या पडलेल्या मैदानात गेले होते. तिथे तोफगोळा पडला.

निशिगंधाचं अन्न तुटलं. आपल्यामुळे गेले, एवढंच म्हणायची. मी समजूत काढायचो. दुसरं काय करणार?

पुढचा रविवार. ती सोफ्यावर पडली होती, मी चहा घेऊन आलो होतो. आणि स्वयंपाकघरात...

टण्ण.

काहीतरी फरशीवर पडलं. मग घरंगळत गेलं... आणि थांबलं.

आता एचडीबीत, म्हणजे इथल्या सरकारी इमारतींत, राहणाऱ्यांना माहीत आहे, वरच्या मजल्यावरून गोट्या घरंगळल्यासारखे आवाज येतात. सगळे त्यावर विनोद करतात. मीही केला असता. पण आमच्यावर मजलाच नाही. वर फक्त गच्ची आहे.

मी जाऊन पाहिलं. फ्रिजखाली, गॅसमागे. काही नव्हतं.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला.

"प्रबोध," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक. "हा फोटो बघ."

मास्तरांच्या नंबरवरून आला होता. पुंगळी, शेजारी खडू. बुडावरचे आकडे स्पष्ट. मी आकडे बघितलेच नाहीत. मी फरशी बघत होतो...

करड्या रंगाची टाइल. कोपऱ्यातला टवका उडालेला. दिवाळीत माझ्या हातून कुकर पडला होता, तेव्हाचा.

ती आमचीच फरशी होती.

खाली एक शब्द. क्लिअर?

आम्ही दोघं आत गेलो. त्या टाइलवर पुंगळी नव्हती, खडूही नव्हता. पण मी हात फिरवला तर बोटांना पांढरी पूड लागली.

निशिगंधा तिथेच खाली बसली. मास्तरांशी ती कायम इंग्रजीत बोलायची. त्या दिवशी मराठीतच बोलली.

"क्लिअर आहे, मास्तर. पुरे झालं. घरी जा."

तिच्या फोनमध्ये आठवडाभर अडकलेल्या त्या मेसेजला दुसरी टिक आली... आणि दोन्ही निळ्या झाल्या.

दाराबाहेरचं लोखंडी गेट करकरलं. जाऊन पाहिलं, कुलूप जागच्या जागी.

त्या दिवसापासून निशिगंधा जेवायला लागली. पुंगळ्यांचा रिपोर्ट गेला. मास्तर सुटले, असं ती म्हणते.

आता जे तिला सांगितलेलं नाही, ते इथे सांगतो.

वाढदिवसाच्या त्या रविवारी, जाताना एमआरटीच्या गाडीत तिची पिशवी माझ्या मांडीवर होती. फोन तीनदा थरथरला. ती खिडकीकडे बघत होती. मी पिशवीत डोकावलो. क्लिअर? असं वाचलं. मला नियम माहीत होता. तरी मी फोन सायलेंट केला आणि पिशवीची चेन लावली. फोन सायलेंट कोणी केला, हे तिने मला अजून विचारलेलं नाही.

तिला आता काही ऐकू येत नाही. मला येतं. ती घरात नसली की, रविवारी चारला. टण्ण... आणि ते घरंगळत हॉलमध्ये येतं. दर वेळी माझ्या पायाशी येऊन थांबतं. क्लिअर आहे, असं मी मोठ्याने सांगून पाहिलंय. उपयोग होत नाही.

आज रविवार आहे. निशिगंधा लॅबमध्ये गेली आहे. चारला पाच कमी आहेत, आणि मी पाय वर घेऊन बसलोय.