बोटभर लांब दस्ता

बंदुकीच्या दस्त्याचे माप घेण्याची रीत सोपी आहे. हात कोपरात वाकवावा, दस्त्याची टाच कोपराच्या खोबणीत टेकवावी. तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पडले की माप जुळले. बंदुका दुरुस्त करणारे माझे वडील म्हणत, "पट्टी हरवते, हात हरवत नाही." प्रस्तुत लेखकाचे शिक्षण सहाव्या इयत्तेत थांबले, ते याच वाक्याच्या भरवशावर.

अशा वडिलांच्या नावाला एक डाग होता. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी एका दंतवैद्याची दुनळी रायफल दुरुस्तीस घेतली. दोघांचे हात तंतोतंत सारखे, म्हणून त्यांनी स्वतःच्याच हातावर माप धरून दस्त्याला तुकडा जोडला. दस्ता बोटभर लांब भरला. दंतवैद्य म्हणाले, "उस्ताद, ही माझ्यासाठी केलीत की माकडासाठी?" तेव्हापासून वडिलांना 'बोटभर' हे नाव पडले आणि यथाकाल ते मजकडे वारसाहक्काने आले. त्यानंतर वडील उजवा हात खिशात घालूनच रस्त्याने चालत. लोक म्हणत, शरमेने.

गेल्या महिन्यात एका सोमवारी त्या दंतवैद्यांचे चिरंजीव, तेही दंतवैद्यच, तीच रायफल घेऊन दुकानात आले.

"काय बोटभर, वडिलांनी वाढवलं, तुम्ही कापा."

"आधी तपासणी करीन, डॉक्टर. चूक वडिलांची नसेल तर तसं लिहीन. खाली सही तुमची."

"आणि असेल तर?"

"तर दारावरची त्यांच्या नावाची पाटी उतरवीन."

ते हसायचे थांबले. आम्ही दोघांनी उजवे हात फळीवर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोघांच्या वडिलांसारखेच, आमचेही एकमापी होते.

रायफलीची कारागिरी अशी की मत्सर वाटावा. दोन्ही नळ्यांचा सांधा नखाला लागेना. चापांच्या वरच्या पट्ट्यांवर नेच्याची पाने कोरलेली, आणि एकही पान दुसऱ्यासारखे नाही. टाचेचे दोन स्क्रू काढून मी वडिलांचा तुकडा अलग केला. खाली मूळ अक्रोडाच्या लाकडावर पेन्सिलीने, निरनिराळ्या हस्ताक्षरांत, पुढील मजकूर आढळला:

"बोटभर वाढवला. हातावर मापला. बरोबर."

"कापला. आधीचा गाढव."

"बोटभर वाढवला. हातावर मापला. बरोबर."

"कापला. आधीचे दोघेही गाढव."

शेवटी वडिलांचे वळणदार अक्षर: "बोटभर वाढवला. हातावर तीनदा मापला. बरोबर."

एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी एकच चूक करावी, हे विवेकास पटेना. मी तुकडा पुन्हा बसवला, दस्ता कोपरात धरला. बोट चापापर्यंत पोहोचेना. बोटभर लांब, यात संशय नव्हता. त्या दुपारी जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दस्त्याला तेल देऊन पुन्हा माप घेतले. बोटाचे टोक चापाला लागले.

तिसऱ्या दिवशी पहिले पेर चापावर अलगद पडले.

मी सौभाग्यवतीस शिवणाच्या फितीसह पुन्हा पाचारण केले. आधीचे दोन्ही दिवसही दस्ता तिनेच मापला होता.

"सुतानंही हलला नाही," ती म्हणाली. "मग बदललं काय?"

"माझा अभ्यास."

"तीन दिवसांत? लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढ्यात नाही वाढला तो."

मी दुर्लक्ष केले आणि उत्तम कागदावर दाखला लिहिला: माप निर्दोष असून कारागीर निर्दोष होते.

शनिवारी सकाळी डॉक्टर आले. त्यांनी दस्ता कोपरात धरला.

"बोटभर, लांबच आहे हो."

"आपली धरण्याची पद्धत सदोष आहे," मी नम्रपणे म्हणालो आणि स्वतः धरून दाखवले. बोट चापावर होते. एक केसही कमी-जास्त नाही.

डॉक्टर माझ्या बोटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपला हात फळीवर ठेवला.

"तुमचा ठेवा."

मी ठेवला. कोपराला कोपर लावला.

माझी बोटे त्यांच्या बोटांच्या पुढे गेली होती.

"सोमवारी सारखे होते ना?" त्यांनी हळूच विचारले.

मी डावा हात ठेवून पाहिला. तो त्यांच्याएवढाच भरला.

डॉक्टरांनी दाखला न वाचताच सही केली. रायफल पेटीत ठेवताना त्यांनी ती रुमालाने धरली होती. पाटी जागेवर राहिली. मी फडके घेतले. वडिलांच्या नावावरची धूळ पुसून काढली.

घरी आल्यावर सौभाग्यवतीने माझा सदरा ओढून पाहिला.

"धुतल्यावर बाही आटली वाटतं. पण उजवीच कशी आटली?"

आई खिडकीपाशी बसली होती. वडिलांच्या सदऱ्यांच्या उजव्या बाहीला ती नेहमी जादा पट्टी लावी. कामाच्या फळीवर बाही झिजते, असे ती आम्हा मुलांना सांगे. ती उठली आणि कपाटातून पत्र्याचा डबा घेऊन आली.

"बंदूक गेली का?"

"गेली, आई. वडिलांचं माप बरोबर होतं. डॉक्टरांची सही आहे."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. तिने डबा उघडला. आत कापडाच्या पट्ट्या घड्या घालून ठेवलेल्या होत्या, साऱ्या बोटभर रुंद. तिने एक माझ्या मनगटाशी धरून पाहिली आणि सुईत दोरा ओवू लागली.

"बाकीच्या हाताशी ठेव गं," ती सुनेला म्हणाली. "ह्यांना चार लागल्या होत्या."