बारा बायांचे अर्ज

"दिशा, आमचे अर्ज गिळले गं कुणीतरी!"

फोनवर फुलाबाईंचा आवाज संतापानं कापत होता. दिशा बारामतीत इंटरनेटच्या जोडण्या बघायची, पण मूळची अंथुर्ण्याची. हातातलं काम टाकून तिनं गाडी काढली.

गावच्या पाणीवापर संस्थेची निवडणूक होती. कालव्याचं पाणी कुणाला किती, हे संस्था ठरवायची. चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, शेवटच्या टोकाला पाणी कधी पोचायचंच नाही. म्हणून यंदा फुलाबाईंसह तिथल्या बारा जणींनी संस्थेच्या वेबसाइटवर मोबाइलवरून उमेदवारीचे अर्ज भरले. प्रत्येकीला 'अर्ज मिळाला' असं उत्तर आलं. आज सकाळी उमेदवारांची यादी लागली. तीत एकीचंही नाव नव्हतं.

दिशा पोचली तेव्हा संस्थेच्या ऑफिसात बाया यशराजवर तुटून पडल्या होत्या. वेबसाइट त्यानंच बनवलेली.

"ह्या पोरानंच घोळ घातलाय," अध्यक्ष हिंदुराव म्हणाले. "मला त्या संगणकातलं ओ की ठो कळत न्हाय."

"आबा, मग यादीत कोण आहे?" दिशानं विचारलं.

"आमचा गट. सगळ्यांनी हितंच, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर भरलं."

दिशानं मोबाइल काढला.

"थांब पोरी, आधी हितलं वायफाय जोड. रेंज न्हाय हितं," हिंदुराव म्हणाले.

रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. तरी तिनं वायफाय जोडलं. वेबसाइट ठीक दिसली. मग ती अंगणात गेली, वायफाय बंद केलं, पुन्हा पाहिलं. पान तेच, पण तळाचा नोंदणी क्रमांक गायब!

तिचं डोकं सणकलं. पायरीवर बसून तिनं लॅपटॉप उघडला आणि थोड्या वेळानं आत आली.

"यशराज, वेबसाइटच्या नावाच्या नोंदी कुणी केल्या?"

"मीच. दोन वर्षं झाली, हात लावला न्हाय. बदल करायचा तर संस्थेच्या मोबाइलवर कोड येतो."

"तो मोबाइल कुठं असतो, आबा?"

"हितंच, टेबलावर. कुणीबी उचलतंय."

"गेल्या सोमवारी कुणीतरी एक नोंद वाढवलीय."

"मग ती चार-ए वाली ह्यानंच घातली! दुसऱ्या कुणाला जमतंय?"

दिशा त्यांच्याकडं बघतच राहिली.

"मी नुसतं 'नोंद' म्हणाले, आबा. चार-ए कुठून आलं?"

हिंदुरावांनी टेबलावरचे कागद चाळायला घेतले.

"सगळ्या ऐका," दिशा बायांकडं वळली. "वेबसाइटच्या नावामागं आकड्यांचा पत्ता असतो. जुन्या पद्धतीचा आखूड, नव्या पद्धतीचा लांब. लांब पत्त्याच्या नोंदीला चार-ए म्हणतात. तुमचे मोबाइल आधी लांब पत्ता धरतात. ऑफिसच्या लाइनीला तो कळतच नाही. यशराजनं फक्त आखूड पत्ता घातला होता, तोही बरोबर. सोमवारी कुणीतरी लांब पत्ता जोडला, भलत्याच ठिकाणचा. तिथं हुबेहूब खोटं पान. तुमचे अर्ज तिकडं गेले आणि ऑफिसात सगळं आलबेल दिसलं. म्हणून आबांचा गट इथं बसून भरत होता. मला वायफाय जोडायला लावलं तेही म्हणूनच."

"पुरावा काय?" हिंदुराव गरजले. "फोन तर टेबलावर हुता!"

"सोमवारी?" झाडलोट करणाऱ्या साखरबाई दारातून पुढं आल्या. "सोमवारी ऑफिसला सुट्टी. फोन तुमी घरी नेता. टेबल मी पुसते, आबा."

बारामतीतल्या कुणा जाणत्यानं ही युक्ती शिकवली होती, एवढं हिंदुराव कसंबसं पुटपुटले. दिशानं तिथूनच निवडणूक अधिकाऱ्यांना फोन लावला.

"पोरी, गावातलं गावात मिटवू की."

फुलाबाईंनी टेबलावर मूठ आपटली. "नऊ वर्षं माझी चारी कोरडी हाय! तवा आठवलं व्हय गाव?"

संध्याकाळपर्यंत यादी रद्द झाली. अधिकाऱ्यांनी येऊन अर्जांसाठी दोन दिवस वाढवून दिले, हिंदुरावांविरुद्ध तक्रार नोंदवली. बाराही जणींनी अधिकाऱ्यांसमोरच कागदावर अर्ज लिहिले आणि पोच घेतल्याशिवाय एकही जण ऑफिसातून हलली नाही.