नव्या ब्लँकेटचा वास

त्या दिवशी मी करोल बागेत गेले होते ती फक्त बँडेजचे रोल आणायला. जानेवारी होता, दोन दिवस ऊन पडलं नव्हतं आणि जयदीपचे हात दुखायला लागले होते.

जयदीप माझा धाकटा भाऊ. पूर्वी व्यावसायिक बॉक्सर होता. आता चाळिशी ओलांडलीय आणि मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर राहतो. बॉक्सरचं नाक मोडतं एवढंच लोकांना ठाऊक असतं. नाक एकदाच मोडतं हो, हातांची हाडं मात्र थंडीत दरवर्षी नव्याने ठणकतात. घट्ट पट्टी बांधली की त्याला बरं वाटतं. ती बांधायची मीच, कारण तो शाळेत होता तेव्हापासून मीच बांधत आलेय.

बॉक्सिंगचं खूळ मूळ आमच्या बाबांचं. विश्वनाथराव नागपूरहून दिल्लीला आले, मंत्रालयात चिकटले आणि घरीसुद्धा सरकारीच राहिले. माझं प्रगतिपुस्तक असो की आईची वाणसामानाची यादी, खाली निळ्या शाईत ‘वि.’, त्याखाली तिरकी रेघ आणि तारीख. पसंत पडलं नाही तर शेजारी ऑफिसातला हिंदी शेरा: पुनः प्रस्तुत करें. म्हणजे परत आण, हे अजून संपलेलं नाही. आईची खिचडी फडफडीत झाली तरी तोंडी हाच शेरा मिळायचा. आम्ही हसायचो. तेव्हा हसू यायचं.

जयदीपने दिल्लीसाठी पदकं आणली, मग पैशाच्या लढती खेळायला लागला. नोएडा, गुरुग्राम, दोनदा बँकॉक. प्रत्येक लढतीला बाबा रिंगणाच्या त्याच्या कोपऱ्यात, सूचना देत. शेवटची लढत करोल बागेतल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये झाली, पानिपतच्या सतबीरशी. सतबीरच्या घरी ब्लँकेटचा व्यवसाय. बाकीचे बॉक्सर रिंगणात चमकदार झगे घालून येतात, हा गडी खांद्यावर कोरं करकरीत ब्लँकेट घेऊन यायचा. लढत ऐन रंगात आली, दोघंही रक्ताने माखलेले, आणि हॉलचे दिवे गेले. जनरेटर लागेना. अंधारात चेंगराचेंगरी झाली, पंच पळाले आणि त्या लढतीचा निकाल कधी लागलाच नाही.

त्यानंतर आठवड्याभरात जयदीप उलट्या करत कोसळला. डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन दाखवून मला सांगितलं, “यापुढे एक जरी ठोसा डोक्याला लागला, तर त्याला माझ्याकडे आणायचे कष्ट घेऊ नका.” संपलं बॉक्सिंग. मला वाटलं, देव पावला. बाबांना तसं वाटलं नाही. “लढत अर्धी टाकून घरी बसला,” हे ते मरेपर्यंत म्हणत राहिले. सतबीरचेही फोन यायचे. “भाई, वो अधूरी पड़ी है.” मग बाबा गेले. दोन हिवाळ्यांपूर्वी पानिपतजवळ हायवेवर धुक्यात सतबीरची गाडी ट्रकखाली गेली. जयदीप दिवसभर जेवला नाही. मी मात्र मनात म्हटलं, चला, विषय मिटला.

या खेळात एक रीत आहे, तेवढी सांगते. लढतीआधी हातांना पट्ट्या बांधतात तेव्हा समोरच्या बाजूचा एक माणूस शेजारी उभा राहून बघतो, की आत काही कडक वस्तू लपवली नाही ना. त्याचं समाधान झालं की विचारतात, “ठीक है?” तो चिकटपट्टीवर सही करतो. आपलाही माणूस तसाच त्यांच्याकडे जातो. आपला माणूस म्हणजे नेहमी बाबा. एकदा सही झाली की लढत होईपर्यंत ती पट्टी सुटत नाही.

तर मी बँडेज घेऊन मेट्रोने परतले. धुकं इतकं, की यमुनेवरून गाडी गेली तेव्हा खाली नदी आहे हे विश्वासावर घ्यावं लागलं. दुपारीच दिवेलागणीसारखं वाटत होतं. लिफ्टमध्ये शिरले तर वास आला, नव्या लोकरीचा, जरासा ओलसर. कुणीतरी थंडीची खरेदी केली असेल म्हटलं.

घरात शिरले तर तोच वास. जास्त दाट.

“कुणी आलं होतं का रे?”

“नाही ताई. बांध ना लवकर, फार ठणकतायत.”

तो खुर्ची उलटी करून, तिच्या पाठीवर हात टाकून बसला होता. लढतीआधी बसायचा तसा. मी रोल सोडला. अंगठ्यात फास, मनगटाला वेढे, मग बोटांमधून. माझे हात आपोआप चालतात.

“वरून टेप पण लाव,” तो म्हणाला.

“घरात कशाला टेप? दुखण्यासाठीच बांधतोयस ना?”

“लाव यार ताई. बरं वाटतं.”

लावली. तेवढ्यात तो मान वळवून कोपऱ्यातल्या बाबांच्या वेताच्या खुर्चीकडे बघायला लागला. खुर्ची रिकामी होती. डोक्याला मार बसलेल्या माणसाला असे भास होतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं. वाद घालू नका, कलाने घ्या, असंही सांगितलं होतं.

“ताई, त्यांचा माणूस आलाय,” तो हळूच म्हणाला. “हात बघायचेत त्याला.”

मी कलाने घेतलं. हीच माझी चूक. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, पाहुण्याशी बोलावं तशी हसत म्हटलं, “देख लीजिए भाईसाब. ठीक है?”

खुर्चीचा वेत करकरला. कुणीतरी उठल्यावर करकरतो तसा.

जयदीपने दोन्ही हात पुढे धरले. मी त्याची दोन्ही मनगटं धरून होते, त्यामुळे मला कळलं... टेपवर काहीतरी टेकलं, दाबलं गेलं आणि सरकलं. आधी उजव्या हातावर, मग डाव्या. लोकरीचा वास एवढा जवळ आला, की कुणीतरी तोंडावर ब्लँकेट धरल्यासारखा माझा श्वास कोंडला.

आणि लाईट गेली.

बाबांची एक घंटी आहे, ऑफिसच्या टेबलावर असते ती, वर टपली मारायची. निवृत्त झाले तेव्हा घरी आणली आणि तिच्या ठोक्यावरच जयदीपच्या फेऱ्यांचा सराव घेतला. ते गेल्यावर मी ती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं. त्या बंद कपाटातून घंटी वाजली. एकदाच, स्वच्छ.

जयदीप उठला.

खिडकीत धुक्याचा राखाडी उजेड होता, तेवढ्यात मला त्याची आकृती दिसत होती. हनुवटी छातीशी, हात वर. मला वाटलं, हवेत चार हात मारेल आणि दमेल. पण तो मारत होता तेव्हा आवाज येत होता. हवेत मारल्यावर येत नाही तो आवाज. मांसावर बसल्याचा. आणि समोरून कुणीतरी जड श्वास टाकत होतं.

“जयदीप... बस झालं. बस ना रे...”

त्याला ऐकू गेलं नाही. मग त्याचं डोकं झटक्याने मागे गेलं.

समोर कुणी नव्हतं. मी शपथेवर सांगते, समोर फक्त आमचं जेवणाचं टेबल होतं. तरी त्याचं डोकं मागे गेलं, ओठ फुटला, उबदार थेंब माझ्या गालावर उडाला. डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात घणासारखं वाजत होतं. एक जरी ठोसा. हा एक झाला होता, दुसरा पोटात बसला, तो वाकला. मी मधे पडले, तर कुणीतरी मला खांद्याने बाजूला सारलं. रागाने नाही हो. रिंगणात पंच बाजूला करतो, तसं नियमाने.

पण तीस वर्षं बॉक्सरच्या घरात काढलेली बाई मी. लढत कशी थांबवतात ते मला माहीत होतं. बाबांनी जन्मात एकदाही केलं नाही, करू दिलं नाही, ते मी केलं. बाथरूमच्या दारावरचा टॉवेल ओढला आणि दोघांच्या मधे फेकला. कोपऱ्यातून टॉवेल पडला की हार मान्य, लढत बंद.

टॉवेल जमिनीवर पडला. श्वासाचा आवाज थांबला. सगळं एकदम इतकं शांत झालं, की वरच्या मजल्यावरच्या वैजयंतीबाईंच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

जयदीप मटकन खाली बसला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, डोळे तपासले, नाव विचारलं, वार विचारला. सगळं बरोबर सांगितलं. मग लहान मुलासारखा रडला.

“तू का टाकलास ताई? मी जिंकत होतो.”

“जिंकलास. मी सांगते ना, जिंकलास.”

“बाबांनी टाकू दिला नसता.”

“बाबा नाहीत आता,” मी म्हटलं.

त्याने मान वळवून कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं.

लाईट आली तशी मी कात्री घेऊन पट्ट्या कापायला बसले. दोन्ही टेपवर सही होती. काळी, जाड, शाळा सोडलेल्या माणसाची असते तशी: सतबीर. पेन घरात कुठेही बाहेर नव्हतं. टेप लावल्यापासून लाईट जाईपर्यंत जयदीपचे हात माझ्या हातात होते. मी ते तुकडे गॅसवर धरले, जाळले, राख बेसिनमध्ये सोडली, आणि डॉक्टरांना फोन केला. त्याच संध्याकाळी स्कॅन झाला. डोकं ठीक निघालं. मी परतीच्या रिक्षात हुंदके देऊन रडले. आपण वाचवलं, असंच तेव्हा वाटत होतं मला.

दुसऱ्या दिवशी केर काढताना बाबांची वेताची खुर्ची सरकवली. तिच्यामागे भिंतीशी पट्ट्यांचा आणखी एक जोड पडला होता. सोडून टाकलेला, घामाने ओला, नव्या लोकरीचा वास येणारा. आमचा नव्हता. त्याचे वेढे जयदीपच्या हातापेक्षा फार मोठ्या हाताचे होते.

मला तेव्हा ती रीत आठवली. त्यांचा माणूस आपल्याकडे येतो. आपला माणूस त्यांच्याकडे जातो.

मी टेप उलगडली. खरं सांगते, सतबीरची मला तेव्हा भीती वाटली नाही, नंतरही कधी वाटली नाही. टेपवर निळ्या शाईत ‘वि.’ होतं. खाली तिरकी रेघ, आदल्या दिवसाची तारीख. आणि शेजारी, शाई अजून बोटाला लागत होती इतका ताजा, तो शेरा.

पुनः प्रस्तुत करें.

हे परवाचं नाही, गेल्या वर्षीचं आहे. आज पुन्हा धुकं पडलंय आणि सकाळपासून जयदीपचे हात दुखतायत. बँडेज मी घरात ठेवलेलं नाही. पण मघाशी तुम्ही लिफ्टने आलात, तेव्हा तुम्हाला कसला वास आला का, एवढंच मला विचारायचं होतं.