नऊ हातांचं लुगडं

लालसूची आणि माझी पहिली भेट झाली ती भांडणानं. भर बाजारात, आलापल्लीला. कारण एवढंच की त्यानं लुगडं कापलं होतं.

आम्ही अहेरीचे कोष्टी. बाबा मागावर विणायचे, मी सुताच्या कांड्या भरायची आणि बाजाराच्या दिवशी दुकान लावायची. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत मी गठ्ठा सोडायची, कारण अंगावरचं नेसूच सगळं सांगायचं. कासोटा मारलेली कुणब्याची बाई आली की लाल काठाचं हिरवं. सिरोंच्याकडची गोल नेसणारी तेलुगू बाई आली की रुंद काठाचं. जंगलातल्या गावांतून येणाऱ्या माडिया बाया मात्र कापडावरून हात फिरवायच्या, आपसात हसायच्या आणि निघून जायच्या. गुडघ्यापर्यंत नेसणारीनं अठरा हात कापड घेऊन करायचं काय?

त्या दिवशी समोर उभा राहिला तो डोक्याला लाल पटका, कमरेला आखूड पंचा आणि हातात आमच्याच लुगड्याचे दोन तुकडे घेऊन. डेपोत सागाची लाकडं ओढणारा माडिया पोरगा.

"हे काऊन कापलं?" मी ओरडलेच. "माझ्या बाबाचे हात भरून आले विणता विणता!"

"आईले एक, बहिणीले एक," तो शांतपणे म्हणाला. "पण पदर एकाच तुकड्याले आला. बहीण रुसून बसली. दुसरा पदर दे."

"पदर का कोथिंबीर आहे, वरून टाकाले?"

"मंग तुमी नऊ हाताचं काऊन नाई विणत? ज्याले त्याले पदर!"

मी हसले. तोही हसला... आणि घरी जाताना बैलगाडीत माझ्या लक्षात आलं, पोराचं काही चुकलं नव्हतं.

आमच्या घरात बाईनं मागावर बसायची रीत नव्हती. बाबा सूत आणायला चांद्याला गेले आणि मी बसले. नऊ हातांवर पदर, पुन्हा नऊ हातांवर पदर. बाबांनी परतल्यावर ते पाहून कपाळालाच हात लावला.

"हे लुगडं आहे का पंचा? कोष्ट्याच्या नावाले बट्टा लावला, वच्छे!"

"खपलं नाई त पुन्हा मागाले हात नाई लावणार," मी म्हणाले.

बाजाराच्या दिवशी दुपार व्हायच्या आत माडिया बायांनी सगळी लुगडी उचलली. पुढच्या खेपेला मागावरून मला कुणी उठवलं नाही.

लालसू मग दर बाजाराला येऊ लागला. एकदा पाऊस भुरभुरायला लागला आणि गठ्ठ्यावर ताडपत्री धरायला त्यानं एक टोक पकडलं, मी दुसरं.

"आज काय पाह्यजे?" मी विचारलं.

"काई नाई."

"मंग काऊन आला?"

"पाहाले."

"लुगडे?"

"लुगडे बी..." तो म्हणाला आणि पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरू लागला. माझे कान तापले. "माझ्या गावाले येशीन?"

"असा कासोटा मारून?"

"तुले जे आवडते ते नेस. पळता आलं म्हणजे झालं. आमच्याकडं वाघ आहे."

मी घरी लालसूचं सांगितलं. बाबा माग थांबवून म्हणाले, "पोरगा बरा आहे. पण माणसासारखा धोतर-टोपीत येऊ दे. चार लोकाईत सांगता तरी आलं पाह्यजे." आणि निरोपही त्यांनीच पाठवला.

लालसू आला. उसनं धोतर, उसनी टोपी, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बाबा खुश झाले, त्याच्यासाठी घोंगडी अंथरली. लग्न जमल्यातच जमा होतं. पण तो मान वर करेना. भर बाजारात माझ्याशी भांडणारा हा माणूस... शिक्षा झाल्यासारखा बसला होता. मी आज गप्प बसले असते तर माझ्यापायी त्यानं ती टोपी जन्मभर घातली असती.

"लालसू, ती टोपी उतरव," मी म्हणाले.

"वच्छे!" बाबा कडाडले.

"बाबा, मी ज्याच्यात जीव गुंतवला त्याच्या डोक्याले पटका होता. लगन त्याच्याशीच करीन. नाई त कोणाशीच नाई."

लालसूनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आता त्यानं सरळ बाबांकडे पाहिलं.

"टोपी घातली तरी मी माडियाच, भाऊ."

"अन् हिले तिथं नेऊन आखूड नेसवशीन?"

"ते तिचं आंग, तिचं कापड. मी कोण सांगणारा? मले वच्छला जशी आहे तशी पाह्यजे."

बाबांनी त्या सदऱ्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. मग एकदम विचारलं, "तुझा पटका कुठचा?"

"बाजारातला. गिरणीचा."

बाबा उठले आणि मागाकडे गेले. "वच्छे, लाल सूत काढ. कोष्ट्याच्या जावयाच्या डोक्याले गिरणीचं कापड? लोक तोंडात शेण घालतीन!"

मी सूत काढायला परसात पळाले. लालसू धोतर सावरत मागोमाग आला.

"वच्छला... मले वाटलं, तू म्हणशीन टोपीच बरी."

"अन् म्हटलं असतं त?"

"घातली असती."

"म्हणूनच नाई म्हटलं," मी म्हणाले आणि सुताची लड त्याच्या दोन्ही हातांत अडकवली.