ओळीबाहेरचं नाव

बिश्केकच्या आमच्या संस्थेत जिन्याखाली एक कोनाडा आहे, झाडू-बादल्या ठेवायचा. त्या सोमवारी सकाळी मी तिथं लपून बसले होते. हो, लपून! अठ्ठावीस वर्षांची घोडी, हस्तलिखित विभागातली संशोधक, आणि वर्गाला घाबरून बादलीशेजारी.

"जागा आहे का इथं?" कोटावरचं बर्फ झटकत एकजण आत डोकावला.

"आहे. पण हळू बोला. नारिनहून कोणी कॉम्प्युटरवाला आलाय, आम्हा पोथीवाल्यांना शिकवायला. मेला वाट चुकला तर बरं होईल."

"नाही चुकणार... पण त्याचीच बोबडी वळलीये. पहिलाच वर्ग आहे त्याचा."

"तुम्हाला काय माहीत?"

तो नुसता हसला. डाव्या गालाला खळी... आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, हाच तो! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

माझी भीती खोटी नव्हती. उमसुनाय-आपा आमच्या डोंगरातली शोकगीतं गाणारी म्हातारी. जाण्याआधी तिनं आपल्या सहा वह्या माझ्या हातात ठेवल्या होत्या, दुसऱ्या कोणाच्या नाही. आता संचालक सादात तुर्दुबेकोवना यांचा हुकूम निघाला होता – शुक्रवारपर्यंत एक वही खुणा करून कॉम्प्युटरवर चढवायची आणि मशीनच्या तपासणीत पास करायची. नाहीतर सहाही वह्या ज्याला जमतं त्याच्याकडे जाणार.

दोन दिवस माझ्या पानावर चुकांचं लालच लाल. खुणेचा कंस उघडायचा, बंद करायला विसरायचं.

"बेगिमाय, तुम्ही घरातून निघताना दार लावता ना?" तो मागे उभा राहून म्हणायचा.

"लावते. आणि अर्ध्या वाटेवरून परत जाऊन बघतेही."

"मग इथंही तेवढंच घाबरा की!"

बुधवारी मात्र मी अडलेच. गाण्यातल्या प्रत्येक माणसाला 'व्यक्ती' अशी खूण करून त्याचं नाव द्यायचं होतं. आणि उमसुनाय-आपानं ते गाणं गायलं होतं थोरल्या दिरासाठी. सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, ही आमची रीत. नवऱ्याचंसुद्धा नाही. सबंध गाण्यात ती त्याला 'आमचा करड्या घोड्यावरचा' म्हणते.

"साठ वर्षं जे नाव तिनं उच्चारलं नाही, ते मी तिच्या तोंडात कोंबू?" मी वही मिटत म्हटलं. "नको मला तुमचं मशीन. घेऊन जा वह्या!"

तो माझ्या शेजारी बसला. चहात जर्दाळूचा मुरंबा ढवळत राहिला बराच वेळ.

"कोण म्हणतं तिच्या शब्दाला हात लावा? ती बोलली तसंच राहणार ते. तुम्ही दोन्ही बाजूंना फक्त खूण करायची... इथून सुरू, इथं संपलं. नाव लिहायचं ते खुणेच्या आत. ओळीत नाही."

"म्हणजे वाचणाऱ्याला...?"

"वाचणाऱ्याला 'करड्या घोड्यावरचा'च दिसेल. आपा काही बोललीच नाही. फक्त आपल्याला ठाऊक आहे तो कोण."

इतकं साधं होतं ते? मला रडूच आलं. त्यानं रुमाल पुढं केला, आणि आमची बोटं लागली... दोघांनीही हात झटकन मागे घेतले. रुमाल चहात पडला.

त्यानं आणखी एक गोष्ट शिकवली होती – टीप. ठरावीक चिन्हांत लिहिलेलं मशीन वाचतच नाही. "मनातलं काहीही लिहा," तो म्हणाला होता. तर मी लिहिलं. गुरुवारी, भीतीच्या भरात.

शुक्रवारी सगळे जमले. तपासणी सुरू झाली. एक रेघ हळूहळू पुढं सरकत होती. हिरवं! एकही चूक नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"मला तुमचं हिरवं-बिरवं कळत नाही," सादात तुर्दुबेकोवना म्हणाल्या. "आतलं, खुणांचं पान दाखवा. इथं, भिंतीवर."

आतलं पान! माझी टीप! मी उठेपर्यंत भिंतीवर हातभर अक्षरं झळकलीसुद्धा.

'आपा, आता मला कॉम्प्युटरची भीती वाटत नाही. तो मुरंब्याच्या चहाचा शुक्रवारी परत जाईल, त्याची वाटते.'

मला वाटलं, गेल्या वह्या, गेली अब्रू, आणि तोही गेला.

"हा कोण?" संचालक बाईंनी चष्मा वर केला. त्यांच्यासमोरच, त्याच्या खुर्चीपुढं, मुरंब्याचा चहा निवत होता.

तो उठला. कान लालबुंद. "एक खूण राहिलीये, सादात तुर्दुबेकोवना," तो म्हणाला. "व्यक्ती आहे, तर... खूण हवी."

त्यानं माझ्या एकाही शब्दाला हात लावला नाही. 'तो मुरंब्याच्या चहाचा' – याच्या अलीकडे खुणेचा कंस उघडला, आणि आत स्वतःचं नाव लिहिलं. मग कंस बंद केला, आणि तो नीट बंद झालाय ना, हे पुन्हा एकदा पाहिलं.

"वही पास," बाई चहाचा पेला त्याच्याकडे सरकवत म्हणाल्या. "वह्या बेगिमायकडेच राहतील. आणि हे छापायच्या आधी काढ गं बाई!"

संध्याकाळी नारिनच्या टॅक्सीपाशी बर्फ पडत होतं. ड्रायव्हर चौथ्या सवारीसाठी ओरडत होता.

"पंधरा दिवसांनी येतो. आईला घेऊन," तो म्हणाला. "भीती वाटते?"

"फार."

"मलाही... एकदा माझ्या नावानं हाक मार ना. पाच दिवसांत एकदाही मारली नाहीस."

मी त्याचा मफलर नीट केला. आत्ता नाव घ्यायला हरकत नव्हती, अजून लग्न कुठं झालं होतं? पण जीभच वळेना.

"नाही," मी म्हटलं. "आत्तापासूनच सवय करते."

त्या संध्याकाळला तीन वर्षं झाली. ही गोष्ट सांगतानाही मी त्याचं नाव घेतलं नाही, तुमच्या लक्षात आलं असेल. फाइलमधली ती टीपही मी अजून काढलेली नाही.