कोण कोण बाहेर आलं

भांड्यांच्या धंद्यात माणसाचे कान तयार होतात. शाळा मी सातवीत सोडली, पण डोळे बांधून टिचकी मारायला लावा, पितळ कुठलं, कासं कुठलं आणि बारीक तडा कुठल्या भांड्याला गेलाय, ते सांगतो. म्हणून त्या संध्याकाळी जमीन हलली हे आमच्या गल्लीत सगळ्यांत आधी मला कळलं, असं मी म्हणतो. शेजारचे सुब्बाराव ते मान्य करत नाहीत. त्यांच्या दुकानातल्या उदबत्तीचा धूर त्याआधीच वाकडा झाला होता, असं त्यांचं म्हणणं. आम्ही दोघं अजून त्यावर भांडतो. भांडायला तो विषय बरा आहे. दुसऱ्या विषयाला आम्ही हात लावत नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. चिक्कपेटच्या मागच्या गल्लीत खाली आमचं दुकान, वर घर. घरात जायला दुकानाच्या बाजूनं वेगळं दार आणि आत अरुंद लाकडी जिना. आमची उल्का तेव्हा पाच वर्षांची. दोन-तीन दिवस ती तापानं फणफणली होती. माझी बायको प्रमोदिनी तिच्या उशाशी, आणि मी खाली गिऱ्हाइकाशी. औषधाची बाटली संपली होती. नवी आणायला निघणार, तेवढ्यात आनेकलच्या गंगव्वा आल्या. लेकीच्या लग्नासाठी हंडा हवा होता. गंगव्वा म्हणजे एक हंडा घ्यायला सगळं दुकान खाली उतरवणार.

त्या वर्षी बंगळुरात एक अफवा होती. दिवेलागणीनंतर एक बाई दारोदार फिरते, घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते. दार उघडलं की त्या घरातलं एक माणूस जातं. उपाय म्हणून लोक दारावर कन्नडमध्ये लिहायचे, 'नाळे बा'. म्हणजे, उद्या ये. ती वाचते, परत जाते. दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते. प्रमोदिनीनंही आमच्या जिन्याच्या दारावर गेरूनं तसं लिहिलं होतं.

"वर्गणीवाल्यांना मी इतकी वर्षं हेच सांगतोय," मी म्हटलं होतं. "एकही परत गेला नाही."

ती हसली नाही. "पोर तापलीय. थट्टा नको."

तर मी हंड्याला सुतळी बांधत होतो. आधी चमचे वाजले. मग वाट्या. मग फळीवरचे तांबे-पेले, आणि मग वर टांगलेल्या पराती एकमेकींना अंग घासू लागल्या. शेवटी मागच्या भिंतीशी लावलेल्या मोठ्या हंड्यांतून एक घुमारा उठला, कुणी तोंड मिटून पोटातून बोलावं तसा. सगळे दिवे गेले. गंगव्वा हंडा छातीशी धरून बाहेर पळाल्या, त्यांच्यामागे मी.

चार-पाच श्वासांत सगळं थांबलं.

गल्ली माणसांनी भरली होती. सुब्बारावांच्या अर्ध्या गालाला साबण. समोरचा शिंपी गिऱ्हाइकाची एकच बाही घेऊन उभा. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी जमिनीला हात लावून तो कपाळाला लावत होतं. आणि मग, भीती सरल्यावर होतं तसं, सगळ्यांना एकदम बोलायचं होतं.

"अण्णा, मी हा पळवून नेत नव्हते हं," गंगव्वा हंडा पुढे करत म्हणाल्या.

"असू दे. एवढ्या हादऱ्यात पोचा आला नाही. लेकीच्या संसारात काय येणार?"

"मग स्वल्प कमी करा."

"आता तर भाव वाढला, अक्का."

लोक हसले. मीही हसत होतो. हवेत भिंतींच्या जुन्या चुन्याची धूळ होती, सुब्बारावांच्या उदबत्त्यांचा वास होता, आणि त्याखाली आणखी कसला तरी... पुष्कळ वर्षं बंद असलेलं तळघर उघडल्यासारखा. संधिप्रकाशात माणसांचे चेहरे पुसट होत चालले होते. माझ्या डाव्या खांद्याशी प्रमोदिनी उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. ती कधी येऊन उभी राहिली, ते मला कळलं नव्हतं.

"उल्का कुठंय?"

"वर."

"एकटी?"

ती जिन्याच्या दाराकडे बघत होती.

तापलेलं पोर वर अंधारात, आणि आम्ही दोघं खाली गंमत बघत उभे. "अगं, आणायचं नाही का तिला? चल."

ती जागची हलली नाही. "तुम्ही न्या ना मला," म्हणाली. हळूच.

माणूस घाबरलं की पाय जागीच आखडतात, मी बघितलंय. म्हणून मी तिचा हात धरला. हात गार होता. आणि वजन असं नाहीच, भांडं उचललं की रिकामं आहे हे कळतं, तसा.

जिन्याचं दार लोटलेलं होतं. गेरूची अक्षरं त्या उजेडात काळी दिसत होती. मी दार ढकललं, आणि माझ्या मुठीतला हात मागे ओढला गेला. ती उंबऱ्याबाहेर थांबली होती. मला पोरीकडे पोचायची घाई.

"आपलंच घर आहे," मी म्हटलं. "ये आत."

आली.

आमच्या जिन्याची एकही पायरी न कुरकुरता पाय ठेवू देत नाही. माझ्या पायाखाली प्रत्येक पायरी कुरकुरली. मागून काही आवाज नव्हता. माझ्याच पावलावर ती पाऊल टाकत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. वर पोचलो, काडेपेटीसाठी तिचा हात सोडला, कोनाडा चाचपला, कंदील लावला.

पलंगावर प्रमोदिनी बसली होती. उल्का तिच्या मांडीवर.

"कुठे होता हो?" तिचा आवाज बसला होता. "हाका मारून मारून थकले. जिना गदगदा हलत होता, हिला घेऊन उतरायचा धीर होईना. म्हटलं, आहे तिथंच बसावं."

"तू... खाली आली नव्हतीस?"

"हिला टाकून?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे. "कोण आहे बरोबर? ये आत म्हणालात ना कुणाला? गंगव्वा आहेत का?"

मी कंदील फिरवला. जिना मोकळा. खाली उघड्या दारातून गल्ली दिसत होती, आणि गंगव्वांचा भाव करतानाचा आवाज येत होता.

मी खाली उतरलो. दार लावलं, कडी घातली. कडीवर हात असतानाच मला उमगलं. अक्षरं दाराच्या बाहेरच्या अंगाला होती. जे बाहेर आहे, त्याला ती अडवणार. कडीचंही तेच. दुकानात चोर आत राहिला असेल, तर बाहेरून लावलेलं कुलूप चोराच्याच कामाला येतं.

पुन्हा एकेक पायरी चढलो.

उल्काचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराशेजारच्या कोपऱ्याकडे बघत होती. मग आईच्या मांडीवरून उतरून ती भिंतीकडे सरकली आणि दुलईची एक बाजू उघडून धरली.

"कुणासाठी गं?" प्रमोदिनीनं विचारलं.

"ती किती वेळ उभी राहील?" उल्का म्हणाली.

तिचा ताप पहाटे उतरला. घरातलं कुणी गेलं नाही. अजून तरी नाही. सत्यनारायण झाला, घराची शांत झाली, दार नवं बसवलं. ते घर विकावं म्हणून दोनदा गिऱ्हाईक आणलं. दोन्ही गिऱ्हाइकं जिन्याच्या मध्यावरून परत गेली. का, ते सांगेनात.

परवा दुकान बंद करून मी वर निघालो, तेव्हा सुब्बाराव त्यांच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "विश्वण्णा, एक विचारू? इतकी वर्षं बघतोय. जिना चढताना तुम्ही एक हात मागे का सोडता?"

"सवय," मी म्हटलं.

"सरी, बरं," ते म्हणाले आणि मान फिरवली.

तो हात मी मागे सोडत नाही. उंबऱ्यापाशी तो धरला जातो, रोज, आणि वर पोचेपर्यंत सुटत नाही.